तिसऱ्या सहीची जागा

शनिवार होता, सकाळची शाळा. परिपाठ संपला आणि हेडमास्तरांनी माइकवर माझं नाव घेतलं. पूर्ण नाव. आडनाव जरा लांबवून घेतलं. मी आठवीत होतो.

पुढे गेलो तर ओट्यावर माझी आई आधीच उभी होती. तिला बोलावलंय हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शिपाई थेट शेतात गेला होता. ती केळीचे घड उतरवत होती, तशीच आली. लुगड्यावर केळीच्या चिकाचे डाग होते. चीक आधी पाण्यासारखा दिसतो, वाळला की काळा पडतो आणि मग कशानेही निघत नाही. आमच्या घरात एकही कपडा त्या डागाशिवाय नव्हता. पण ओट्यावर, सगळ्या शाळेसमोर, ते डाग मी पहिल्यांदा पाहिले.

"बोल बाई," हेडमास्तर म्हणाले. "म्हण, माझा मुलगा पुन्हा असं करणार नाही."

आई बोलली. माइकपर्यंत आवाज पोचला नाही.

"मोठ्यानं! शेतात तर या बांधावरून त्या बांधावर हाका मारता. इथे काय झालं?"

पोरं हसली. त्या वर्षी शाळेचा पट सहाशे बारा होता, हे मला पुढे नोकरीत असताना जुन्या कागदांवरून कळलं. त्या दिवशी हजर किती होते, माहीत नाही. हसले किती, तेही मोजलं नाही. मास्तरही हसले, एवढं नक्की सांगतो.

आईने दुसऱ्यांदा म्हटलं. मग मी माझा माफीनामा वाचला. तो ज्याचा त्यानेच लिहायचा असे, मजकूर हेडमास्तर सांगत. 'माझ्या अंगी असलेल्या वाईट सवयींमुळे' अशी सुरुवात होती. वाचून झाल्यावर शिस्त रजिस्टरवर आईचा अंगठा घ्यायचा होता. लिपिकाने शाईचं पॅड आणि रजिस्टर तिच्याकडे सरकवलं. हाताने नाही, लाकडी पट्टीने. अंगठा उमटल्यावर त्याच पट्टीने ओढून घेतलं. पट्टी एक फुटाची होती.

मी काय केलं होतं तेही सांगतो. आदल्या आठवड्यात वर्गात शिष्यवृत्तीची यादी वाचली. ज्यांची नावं येतील त्यांनी उभं राहायचं. आम्ही चौघं उभे राहिलो. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "उठा, सरकारचे जावई." मी फळ्याजवळचं लाकडी डस्टर उचललं आणि त्याला मारलं. भुवई फुटली, तीन टाके पडले. हे चूक होतं. पण तो काय म्हणाला, हे मला कोणी विचारलं नाही. रजिस्टरमध्ये 'काय केले' असा रकाना होता. 'का केले' असा नव्हता.

परत जाताना आई पुढे, मी मागे. नाल्याच्या मोरीपाशी ती थांबली. वाटलं, मारते आता. तिने अंगठा लुगड्याला पुसला. शाई निघाली नाही.

"म्या आंगठा देला," ती म्हणाली. "तू सही करनं शिकजो."

मग परत शेतात गेली.

मी सही शिकलो. बीएस्सी, बीएड झालो, आमच्या वस्तीतून पहिला. आणि त्याच शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून लागलो. लोक म्हणाले, बघा, जिथे माफी मागितली तिथेच मास्तर झाला. मलाही ते बरं वाटायचं.

आठ वर्षांनी मुख्याध्यापकांनी मला बोलावून शिस्त रजिस्टर माझ्याकडे दिलं. "तुमचं अक्षर चांगलं. काम चोख. तुमच्यावर कोणी पक्षपाताचा आळ घेणार नाही." मी ते मान म्हणून घेतलं. चौदा वर्षं सांभाळलं. एकही नोंद चुकवली नाही, खोटी केली नाही. तारीख, वार, तास, कृत्य, साक्षीदार. पालकांना फोन कधी केला, उचलला की नाही, काय म्हणाले, तेही लिहायचो. शनिवारची पद्धत तीच राहिली होती. मुलगा माफीनामा वाचणार, आई किंवा बाप शेजारी उभा राहणार. अंगठ्याऐवजी सही आली होती. मुलांची नावं माइकवर मी घेत असे.

जुनी रजिस्टरंही माझ्याच कपाटात होती. पहिल्याच वर्षी मी माझं पान शोधून काढलं. आईचा अंगठा जांभळा होता, कडेने थोडा फराटलेला. मी पाहिला आणि रजिस्टर मिटलं. पान फाडलं नाही. नोंद ती नोंद, असं मनाशी म्हणालो. मग पुढच्या शनिवारी दुसऱ्या एका मुलाच्या आईला ओट्यावर उभं केलं.

हे लिहिताना हात थांबतो. पण तो थांबायला हवा होता तेव्हा थांबला नाही.

दीपक नववी ब मध्ये, म्हणजे माझ्या वर्गात आला. अंगाने थोराड, पंधरा वर्षांचा. बाप धुळे जिल्ह्यातला, शिरपूरकडचा. केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून इकडे आला आणि आमच्या वस्तीच्या टोकाला खोली घेऊन राहिला. रावेरहून माल भरून दिल्लीला जायचं, रिकामं व्हायचं, परत यायचं. आई केळीच्या पॅकिंगवर जायची. घरात तिघंच.

जूनपासून दीपकच्या नावावर अकरा नोंदी झाल्या. बाक उलटा केला. एका मुलाच्या दंडाला चावला. विज्ञानाच्या बाई रागावल्या तर भिंतीवर डोकं आपटून घेतलं. एकदा कंपासमधल्या करकट्याने स्वतःच्या हातावर रेघा ओढल्या, कोपरापासून मनगटापर्यंत. तेही मी शिस्तभंग म्हणून नोंदवलं. 'शालेय साहित्याचा गैरवापर.' माझं अक्षर आहे, नाकारता येणार नाही.

शिक्षकांच्या खोलीत त्याच्यावर विनोद चालत. हिंदीचे सर म्हणायचे, "त्याला केळीच्या गाडीत भरून द्या दिल्लीला. पिकून परत येईल." सगळे हसायचे. मीही हसलो असेन.

जानेवारीत मुख्याध्यापक म्हणाले, "याचा तक्ता तयार करा. नववीतच दाखला हातात देऊ. दहावी त्याला बाहेरून करू द्या, सतरा नंबरचा फॉर्म भरून." आमच्याकडे ही नेहमीची वाट. ज्याच्यामुळे निकाल खाली येईल, त्याला आधीच बाहेर काढायचं. मग शाळेचा निकाल शंभर टक्के, गावात फ्लेक्स. आठवीपर्यंत कायद्याने काढता येत नाही, म्हणून नववीत काढतात.

मी तक्ता करायला बसलो. अर्धवट काम मला जमत नाही. नुसती यादी दिली असती तरी चाललं असतं, पण मी वार, तास आणि दोन नोंदींमधलं अंतरही मांडलं. शेवटच्या रकान्यात पालकांच्या फोनचा तपशील टाकला.

मग तो रकाना वरून खाली वाचला.

अकरापैकी नऊ नोंदींपुढे मीच लिहिलं होतं: 'वडील घरी. फोन उचलला. येतो म्हणाले.' दोनच ठिकाणी होतं: 'वडील दिल्लीला.' अधल्यामधल्या आठ-आठ, दहा-दहा दिवसांत मुलाच्या नावावर काही नव्हतं. बाप गाडी घेऊन गेला की मुलगा गप्प. गाडी आली की दुसऱ्या दिवशी नोंद.

आणखी एक गोष्ट दिसली. बाप शनिवारी शाळेत येऊन ओट्यावर उभा राहिला, की सोमवारची नोंद आधीच्यापेक्षा वाईट. चावला तोही सोमवार. करकट्याच्या रेघाही सोमवारच्या.

मी कितीतरी वर्षं मुलांना सांगत आलो, उत्तर चुकलं तर मांडणी तपासा. माझी मांडणी सात महिने माझ्यासमोर पडून होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला पाण्याच्या टाकीमागे नेलं. तिथे सावली असते आणि कोणी येत नाही. त्याला वाटलं, मी मारायलाच आणलंय. दोन्ही हात कानांवर धरून उभा राहिला.

मी म्हटलं, "बाबा घरी आले की काय होतं?"

मी थांबलो. सुट्टी वीस मिनिटांची. पंधरा गेली असतील. मग त्याने पाठ फिरवली आणि सदरा वर केला. ट्रकवर ताडपत्री आवळायला जाड दोर असतो, त्याला पीळ असतो. पाठीवर तो पीळ जसाच्या तसा उठला होता. काही वळ जुने, काही ताजे.

सदरा खाली करून तो म्हणाला, "सर, तुम्ही फोन केला का तो दोर काढतो."

एवढंच म्हणाला. आवाज चढवला नाही. मला कळावं म्हणून, माहिती दिल्यासारखं सांगितलं.

फोन मी करत होतो. दर वेळी. वेळेवर. न चुकता.

मी त्याच्या बापाला भेटायला गेलो. गाडी भरायला लागली होती. तो टपावर चढून ताडपत्री ओढत होता. मी खालून हाक मारली. तो उतरला, हात पुसून नमस्कार केला. दारूचा वास नव्हता. वाईट माणूस भेटेल अशी तयारी करून गेलो होतो. भेटला तो दोन रात्री न झोपलेला, लाल डोळ्यांचा माणूस.

मी मारण्याचा विषय काढला. तो म्हणाला, "मना पोऱ्या शे, मास्तर. मी मारस. तुम्हीच तं फोन करतस ना? बठ्ठी शाळाना समोर माले उभं करतस. मंग मी काय करू?"



"आता फोन येणार नाही," मी म्हटलं. "शनिवारी बोलावणंही नाही."

तो हसला. "मंग मी कसाले मारसू?"

त्याचं मारणं एवढ्याने थांबलं नाही. कमी झालं. जे आहे ते सांगतो.

मी दीपकला आणि त्याच्या आईला बसने जळगावला नेलं, सरकारी दवाखान्यात. पॅकिंगवर तिचा एक दिवसाचा खाडा झाला. तिथल्या समुपदेशक बाई तरुण होत्या, माझ्या मुलीएवढ्या. त्या दीपकशी एकट्याशीच पाऊण तास बोलल्या. मग मला आत बोलावलं. मी तक्ता पुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला. म्हणाल्या, "सर, इतकं व्यवस्थित काम मी पाहिलेलं नाही. या अकरा वेळांपैकी किती वेळा कोणी त्याला विचारलं, काय झालं म्हणून?"

"शून्य," मी म्हटलं.

"मग आता तेवढं करा. औषध लागलं तर इथले डॉक्टर बघतील. विचारणं तुमच्याकडे."

मग आम्ही ठरवलं. गाडी आली की दुसऱ्या दिवशी पहिला तास त्याने वर्गात बसायचं नाही. माझ्याकडे प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत यायचं. बोलायचं असेल तर बोलायचं, नाहीतर नुसतं बसायचं. राग चढायला लागला की वर्गात मला बोट दाखवायचं आणि उठून टाकीपाशी जायचं. परवानगी मागायची नाही. पहिल्या आठवड्यात तो टाकीपाशी सहा वेळा गेला. पोरांनी चिडवलं, "दीप्या, मूत खूप येऊन राहिलं का तुला?" शिक्षकांच्या खोलीत मला विचारलं, "काय सर, मामा झालात का त्याचे?"

सहा आठवड्यांत एक नोंद झाली. ती माझ्यावरची होती. त्या खोलीत तो माझ्या मनगटाला चावला, कारण मी न सांगता दार लावून घेतलं. चूक माझी. बंद दाराचं त्याला काय होतं, हे मला विचारायला सुचलं नाही. दाताचे व्रण अजून आहेत. सुधारला, असं मी म्हणणार नाही. सहा आठवड्यांत एक. त्याआधीच्या सहा आठवड्यांत चार. यापलीकडे माझा दावा नाही.

हाच तक्ता घेऊन मी शिस्त समितीपुढे गेलो. समितीत संस्थेचे सचिव होते. त्यांना सगळे दादासाहेब म्हणतात. मुख्याध्यापक होते. मी मांडलं. शनिवारची पद्धत बंद करा म्हटलं. तिच्यामुळे मुलं सुधारत नाहीत, मार खातात, आणि मार खाऊन आपल्याकडे परत येतात. सगळी रजिस्टरं पाहू द्या, इतरांचंही असंच निघेल. आणखी एक आकडा सांगितला. माझ्या चौदा वर्षांत ओट्यावर आलेली बहुतेक मुलं तीनच वस्त्यांमधली होती. आमची, तडवी आदिवासींची आणि पॅकिंगवाल्यांची. बागाईतदारांची मुलंही मारामाऱ्या करतात, मी स्वतः सोडवल्या आहेत. ती रजिस्टरपर्यंत पोचत नाहीत. त्यांच्या वडिलांना मुख्याध्यापक चहाला बोलावतात.

दादासाहेबांनी तक्ता उचललाही नाही.

"पोरगा कुठल्या जातीचा?"

"मी विचारलेलं नाही."

"तुमच्याच वस्तीत राहतो ना? मग झालं." ते मुख्याध्यापकांकडे बघून हसले. मग मला म्हणाले, अगदी मायेने म्हणाले, "सर, तुम्ही गणित शिकवा. ही माणसं सुधारत नसतात. तुम्ही एक सुधारलात, संस्थेला त्याचा अभिमान आहे. पुष्कळ झालं."

बावन्न वर्षांचा मी, अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. आणि कानात तोच आवाज, बोल बाई, मोठ्यानं. मला राग यायला हवा होता. आधी आली ती लाज. कारण चौदा वर्षं मीही हेच मानत आलो होतो. मी सुधारलो. बाकीचे रजिस्टरमध्ये.

ठराव झाला. शनिवारी शेवटचा माफीनामा, आईसह. मग दाखला.

मी त्याच्या घरी फोन केला नाही. मुख्याध्यापकांनी शिपायाला पॅकिंगवर पाठवलं.

शनिवारी परिपाठ झाला. ओट्यावर दीपकची आई उभी होती. अंगावर कामाची साडी, वरून नवऱ्याचा जुना शर्ट, पॅकिंगवर बाया घालतात तसा. शर्टाच्या बाह्यांवर काळे डाग. ती हात मागे लपवत होती. शेजारी दीपक, हातात माफीनाम्याचा कागद. गाडी आदल्या दिवशी आली होती. मुख्याध्यापकांना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

माइक माझ्याकडे दिला गेला. रजिस्टर उघडं होतं. नाव मी घ्यायचं होतं.

मी दीपकच्या हातातून कागद घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. त्याच्या आईला म्हटलं, "ताई, तुम्ही घरी जा. तुम्हाला इथे काही बोलायचं नाही." तिला समजलं नाही. ती मुख्याध्यापकांकडे बघायला लागली. मी पुन्हा म्हटलं, "जा ताई. हा वर्गात जाईल."

मग मुलांना म्हणालो, "या शाळेच्या रजिस्टरात माझंही नाव आहे. आठवीत असताना माझ्या आईला इथे उभं केलं होतं. तेव्हाही सगळे हसले होते. आजपासून माइकवर कोणाचं नाव मी घेणार नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. सातवीतलं एक पोरगं हसलं आणि गप्प झालं. मुख्याध्यापकांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. परिपाठात प्रतिज्ञा झालेलीच होती, तरी ती पुन्हा म्हणायला लावली. 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' पर्यंत मी तिथेच उभा होतो. दीपकने मला बोट दाखवलं आणि ओटा उतरून टाकीकडे गेला. त्याला कोणी अडवलं नाही.

अकरा वाजता मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर दाखला तयार होता. वर्तणुकीच्या रकान्यात 'असमाधानकारक' लिहिलेलं. खाली तीन सह्यांच्या जागा. लिपिक, वर्गशिक्षक, मुख्याध्यापक. लिपिकाची झाली होती. मुख्याध्यापकांनी माझ्यासमोर आपली केली. खरं तर त्यांची शेवटी असते. घाईत क्रम चुकला. मग कागद माझ्याकडे दिला. या वेळी पट्टी नव्हती, हाताने दिला. एवढा बदल झाला आहे, तो मी नोंदवतो.

"सही करा. सकाळचं मी विसरतो."

"करणार नाही."

"कशाबद्दल?"

"वर्तणूक असमाधानकारक आहे, हे खरं आहे. पण ती त्याची नाही."

लिपिक खाली मान घालून बसले होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो, त्यांची माझी वीस वर्षांची ओळख. ते हळूच म्हणाले, "सर, सही तं आहे. काय जातं?"

"नाना," मी म्हटलं, "माझ्या आईचा अंगठा गेला होता."

सोमवारी कारणे दाखवा नोटीस आली. परिपाठात अडथळा, वरिष्ठांचा अवमान, कर्तव्यात कसूर. सात दिवसांत लेखी खुलासा. शिपाई तोंडी निरोप घेऊन आला की, दादासाहेब म्हणतात, दोन ओळी माफीच्या लिहा, फाइल बंद करतो. निवृत्तीला सहा वर्षं राहिली आहेत. घरी मुलीचं शेवटचं वर्ष आहे. बायकोने नोटीस वाचली, घडी घालून परत माझ्या हातात दिली.

"लिहिणार का माफी?"

"आठवीत एकदा लिहिली," मी म्हटलं.

ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "मग पुरे."

मी खुलासा लिहिला. माझ्या नेहमीच्या अक्षरात, समास सोडून. त्यात माफी हा शब्द नाही. शनिवारी जे केलं ते समजून केलं, असं लिहिलं. चौदा वर्षं जे केलं त्याची कारणं मला दाखवता येत नाहीत, तेवढी कसूर मान्य आहे, असंही लिहिलं. सोबत तक्ता जोडला, मुलांची नावं झाकून. आणि माझ्या स्वतःच्या पानाची झेरॉक्स, नाव न झाकता, अंगठ्यासह. एक प्रत शाळेत दिली. दुसरी जळगावला शिक्षणाधिकारी कार्यालयात नेऊन दिली आणि पोच घेतली. उत्तर आलेलं नाही.

दीपक अजून नववी ब मध्ये आहे. तिसरा बाक, खिडकीकडे. काल त्याने खिडकीची काच फोडली. गाडी आली होती. हाताला लागलं, मी पट्टी बांधून आणली. विचारलं. त्याने सांगितलं. जे सांगितलं ते इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे. तो दहावी पास होईल का, मला माहीत नाही. बाप कधी दोर टाकेल, माहीत नाही. मनगटावर आणखी एखादा चावा बसेल, हे मात्र धरून चाललो आहे.

शिस्त रजिस्टर माझ्याकडून काढून घेतलं आहे. हिंदीच्या सरांकडे दिलं आहे. मी शंभर पानी वही आणली आणि तिच्यात एकच रकाना आखला. 'काय झालं होतं.' तीन वस्त्यांमधली सात मुलं आतापर्यंत येऊन बसून गेली. दार उघडं असतं.

संस्थेचे लोक वर्गशिक्षक बदलतील. तेवढा अधिकार त्यांना आहे. मग जो कोणी सहीला बसेल, त्याच्यासमोर मी आधी तो तक्ता ठेवीन, वरून खाली वाचून दाखवीन आणि मग म्हणेन, आता करा. तोवर वर्गशिक्षक मी आहे. दाखला ऑफिसच्या खणात पडून आहे. दोन सह्या झालेल्या आहेत. तिसरी जागा कोरी आहे. ती कोरी राहील.